दुखणं त्यांचं, उत्तरं माझी

"पोटाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य अशा तीन नळ्या असतात," सर्जन म्हणाले. "तुमच्या मिस्टरांच्या दोन जवळपास बंद आहेत. तिसरीही अरुंद झालीय."

कॉम्प्युटरच्या पडद्यावर ह्यांचं पोट होतं. काळ्यावर पांढऱ्या रेघा. सर्जननी पेनचं टोक एका जागी टेकवलं. जाड पांढरी रेघ तिथपर्यंत नीट येत होती आणि पुढे एकदम दोऱ्याएवढी होत होती. आजाराचं नाव त्यांनी दोनदा सांगितलं, मी तिसऱ्यांदा विचारून लिहून घेतलं. क्रॉनिक मेसेंटेरिक इस्कीमिया. मेसेंटेरिक म्हणजे आतड्यांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या, इस्कीमिया म्हणजे रक्त कमी पडणं, आणि क्रॉनिक म्हणजे हे काही आजचं नाही, कित्येक महिने आत चाललेलं आहे.

"हृदयाच्या पेशंटला जिना चढताना छातीत दुखतं, तसं ह्यांना जेवल्यावर पोटात दुखतं," ते म्हणाले. "जेवलं की आतड्यांना काम लागतं. कामाला जास्त रक्त लागतं. ते मिळत नाही, म्हणून आतडी ओरडतात. असंच चालू राहिलं तर एक दिवस आतडं मरतं, आणि मग माणूस वाचवणं फार कठीण."

चेन्नईतल्या अड्यारच्या त्या हॉस्पिटलात एसी इतका होता की माझी बोटं गार पडली होती. हे शेजारी बसले होते. अडुसष्ट किलोचा माणूस सत्तेचाळीस किलोचा झालेला. त्यांनी नुसती मान हलवली. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घण घालत होती. दहा महिने ह्या माणसाला आग्रह करकरून, प्रसंगी भांडून, जेवायला कोण घालत होतं? मी.

या आजारातून कुणाला जावं लागलं तर उपयोग व्हावा म्हणून हे लिहितेय. आजाराची माहिती डॉक्टर माझ्यापेक्षा चांगली देतील. मला सांगायचंय ते माझ्या तोंडाबद्दल.

मी मूळची सांगलीची. हे एका मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत क्वालिटी खात्यात होते. कंपनीने इरुंगाट्टुकोट्टैला कारखाना काढला आणि ह्यांना तिकडे पाठवलं, म्हणून वयाच्या पन्नाशीत आम्ही चेन्नईला आलो. वेलचेरीत फ्लॅट घेतला. मुलगी मंजिरी लग्न होऊन पुण्यात. घरात आम्ही दोघंच.

हे मुळात अबोल. माझ्या तोंडाचा पट्टा मात्र लग्नाच्या मांडवापासून सुरू आहे. सासरी मला सगळे आकाशवाणी म्हणायचे, आणि हे हसून म्हणायचे, "बरंय की, मला बोलावं लागत नाही." चेन्नईत तर माझी चैनच झाली. भाजीवाल्यांशी आणि शेअर ऑटोतल्या बायकांशी बोलून बोलून वर्षभरात मी तमिळ शिकले. ह्यांना अजूनही चार शब्दांपलीकडे जमत नाही. कारखान्यात इंग्रजी-हिंदीवर भागायचं. त्यामुळे गॅसवाला असो, बँक असो, डॉक्टर असो, बोलायचं काम माझ्याकडे आलं. मला त्याचा फार अभिमान होता हो. इथेच घोटाळा झाला.

पहिलं दुखणं मला नक्की आठवतं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचा महाप्रसाद होता. चेन्नईतले आम्ही मराठी लोक अशा दिवशी आग्रहाची सगळी हौस भागवून घेतो. ह्यांच्या पानात कुणीतरी जबरदस्तीने चौथा मोदक ठेवला, वर तूप ओतलं. घरी येताना ऑटोत हे पोटावर हात दाबून पुढे वाकून बसले. कपाळावर घाम. दोन तासांनी आपोआप थांबलं. मी म्हटलं, "चार मोदक खाल्लेत, दुसरं काय होणार?"

मग ते वरचेवर व्हायला लागलं. मंडळातल्या प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. इथली चिंच. इथलं पाणी. सांबारातली डाळ. कँटीनचा भात. आपल्या माणसाला इथलं खाणं मानवत नाही, हे वाक्य मी त्या वर्षात शंभर वेळा ऐकलं असेल आणि दोनशे वेळा बोलले असेन. मी कँटीन बंद केलं. सांगलीहून येणाऱ्या प्रत्येकाबरोबर ज्वारीचं पीठ मागवलं. पहाटे उठून भाकरी, पिठलं, मुगाची आमटी असा डबा द्यायला लागले. डबा संध्याकाळी रिकामा यायचा. मी खूश.

रात्री मात्र पानावर बसले की हे टाळाटाळ करायचे. "भूक नाही गं." मला राग यायचा. दिवसभर राबून करायचं आणि ह्या माणसाने चिवडत बसायचं! "माझ्या हातची चव गेली का?" "मंजिरी असती तर तिच्यासाठी खाल्लं असतंत." असलं काय काय मी बोलायचे. मग हे मुकाट्याने जेवायचे आणि गच्चीवर शतपावलीला जायचे. तासभर यायचे नाहीत. जन्मात न केलेली शतपावली हे करायला लागले म्हणून मी फोनवर मंजिरीला कौतुकाने सांगितलं होतं. आज ते आठवलं की जीव नकोसा होतो.

वजन उतरायला लागलं तसं डॉक्टरांकडे जाणं सुरू झालं. आधी कोपऱ्यावरचा दवाखाना. ॲसिडिटीच्या गोळ्या. मग मोठे पोटाचे डॉक्टर. एंडोस्कोपी झाली, म्हणजे तोंडातून नळी घालून जठर बघतात. थोडी सूज, बाकी काही नाही. सोनोग्राफी झाली, नॉर्मल. मग कोलोनोस्कोपी, म्हणजे खालून नळी घालून मोठं आतडं बघतात. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध पिऊन हे इतके गळून गेले की बाथरूमपर्यंत धरून न्यावं लागलं. तीही नॉर्मल. प्रत्येक तपासणीला उपाशीपोटी बोलवायचे आणि उपाशीपोटी ह्यांना दुखायचंच नाही. नर्सने विचारलं, "आता दुखतंय का?" की हे मान हलवून नाही म्हणायचे.

बाकीचं सगळं मी बोलायचे. डॉक्टर ह्यांच्याकडे बघून विचारायचे, उत्तर माझ्याकडून यायचं. भूक आहे का? अजिबात नाही हो डॉक्टर. दुखणं कधी होतं? तसं काही ठरावीक नाही, जरा चिंच पोटात गेली की. जेवणाशी काही संबंध? नाही नाही, जेवतातच कुठे! वयित्तु वलि म्हणजे पोटदुखी, हे मी इतक्या अस्खलित तमिळमध्ये सांगायचे की डॉक्टरही खूश व्हायचे. एकदाही मी ह्यांच्याकडे वळून विचारलं नाही की अहो, कधी दुखतं तुम्हाला? मला माहीतच होतं ना सगळं.

आठव्या महिन्यात एका डॉक्टरांनी पोटाचा टीबी असेल म्हणून औषध सुरू केलं. पुरावा काही नव्हता, पण वजन असं उतरत असलं की आपल्याकडे तो संशय आधी घेतात. त्या औषधाने लालभडक लघवी, मळमळ, डोळे पिवळे. दीड महिन्याने तेही बंद केलं. आता कॅन्सर शोधू या, असं म्हणाले. त्या दिवशी हॉस्पिटलातून बाहेर आल्यावर रस्ता ओलांडायला माझे पाय उचलेनात. हे माझा हात धरून मला पलीकडे घेऊन गेले.

अड्यारच्या हॉस्पिटलात गेलो ते कॅन्सर शोधायला. तिथे मोठ्या डॉक्टरांच्या आधी एक तरुण डॉक्टरीण पेशंटला तपासायची. तिशीचीसुद्धा नसेल. तिने ह्यांना झोपवलं आणि स्टेथोस्कोप पोटावर ठेवला. बाकीचे ठेवायचे आणि उचलायचे. ही ठेवून डोळे मिटून बसली. बेंबीच्या वर एका जागी पुन्हा पुन्हा ऐकत राहिली. तिथे सूं सूं असा आवाज येत होता, हे तिने नंतर सांगितलं. त्याला ब्रुई म्हणतात. नळी अरुंद झाली की त्यातून जोरात जाणारं रक्त आवाज करतं.

मग ती ह्यांना सोप्या इंग्रजीत हळूहळू विचारायला लागली. तुम्ही जेवता तेव्हा काय होतं? मी सुरू केलं, "डॉक्टर, ॲक्च्युअली ह्यांना पुळि चालत नाही," पुळि म्हणजे चिंच. तिने हात वर केला. पुन्हा विचारलं. मी पुन्हा बोलले. तिसऱ्या वेळी ती उठली, दार उघडलं आणि म्हणाली, "अम्मा, तुम्ही जरा बाहेर बसा. मला सरांकडून ऐकायचंय."

माझा असा संताप झाला! चोवीस तास ह्यांचं मी करतेय आणि ही कालची पोर मला बाहेर काढतेय. "तुला काय कळतं गं, त्यांना बोलताच येत नाही धड," असं मी तिला तोंडावर मराठीत म्हणाले. तिला शब्द कळले नसतील, सूर कळला असणार. तिने दार लावून घेतलं.

वीस मिनिटांनी मला आत बोलावलं. हे खाली बघत होते. डॉक्टरीण म्हणाली, "अम्मा, तुमच्या मिस्टरांना भूक आहे. भरपूर भूक आहे. ते जेवणाला घाबरतात. जेवल्यावर अर्ध्या तासाने दुखायला लागतं आणि दोन तास राहतं. जेवलं नाही तर दुखत नाही. म्हणून ते जेवत नाहीत."

पुढचं तिने जरा चाचरत सांगितलं. डबा हे कारखान्याच्या गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याला द्यायचे. दिवसभर ताकावर राहायचे. रात्री माझ्यासमोर जेवावंच लागायचं, आणि मग गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे गुडघे पोटाशी घेऊन बसायचे, दुखणं थांबेपर्यंत. मला कळू नये म्हणून.

आधी रागच आला, खरं सांगते. दहा महिने माझ्याशी खोटं! टॅक्सीत बसल्यावर मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?" हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अगं, जेवल्यावर दुखतं म्हटलं असतं तर तू ते तुझ्या स्वयंपाकावरच घेतलं असतंस. आणि डॉक्टरांना सांगायला गेलो की तू सांगून मोकळी झालेली असायचीस." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. मी घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडले.

दोन दिवसांत डॉप्लर झाला. म्हणजे सोनोग्राफीच, पण तीत रक्त किती वेगाने वाहतंय ते दिसतं. मग सीटी अँजिओग्राम. हाताच्या शिरेतून एक डाय सोडतात, अंगभर गरम वाफ गेल्यासारखं वाटतं असं हे म्हणाले, आणि त्या डायमुळे रक्तवाहिन्या चित्रात उजळतात. त्याचंच चित्र सर्जननी आम्हाला दाखवलं. रोज दोन पाकिटं सिगारेट आणि जुनं ब्लडप्रेशर, दोन्हींनी मिळून नळ्यांत गाळ बसवला होता. चिंच बिचारी कशातच नव्हती.

पुढच्या आठवड्यात स्टेंट घातला. जांघेतल्या धमनीतून तार वर नेतात, अरुंद जागी फुगा फुगवतात आणि तिथे जाळीची नळी बसवून ठेवतात. तिसऱ्या दिवशी ह्यांनी दोन इडल्या खाल्ल्या. आम्ही दोघं घड्याळाकडे बघत बसलो. अर्धा तास. पाऊण तास. तासभर. काही झालं नाही. हे हसले, मी हसले, शेजारच्या खाटेवरच्या आजीही उगाच हसल्या.

सात महिने बरे गेले. वजन त्रेपन्नावर आलं. वेलचेरीचं रेल्वे स्टेशन नुकतंच सुरू झालं होतं, आम्ही दोघं उगाचच गाडीत बसून समुद्राकडे जायचो. आणि मग एका दुपारी जेवल्यावर हे मला म्हणाले, "दुखतंय. पहिल्यासारखं." या वेळी लगेच सांगितलं.

स्टेंट आतून भरत आला होता. पुन्हा तार घालायचा प्रयत्न केला, पुढे गेली नाही. आता एकच मार्ग, सर्जन म्हणाले. बायपास. पोट पूर्ण उघडायचं, मांडीतली शीर काढायची आणि बंद पडलेल्या नळीला वळसा घालून रक्त पोचवायचं. पण एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदय कमजोर निघालं. वजन पुन्हा उतरत होतं. सर्जननी काही लपवलं नाही. "टेबलावरही काही होऊ शकतं. नंतर आयसीयूमध्येही. नाही केलं तर किती दिवस, ते सांगता येत नाही, पण शेवट फार वेदनेचा असेल. घरी बोला. उद्या मला सांगा."

मंजिरी पुण्याहून आली होती. आम्ही दोघी स्वयंपाकघरात दार लोटून बोललो. ती म्हणाली, "आई, बाबांचे अजून किती हाल करायचे?" माझ्याही मनात तेच होतं. दीड वर्ष सुया, नळ्या, उपास. हा माणूस दमलाय. कायम गप्प, भिंतीकडे तोंड करून पडलेला. आता चिरफाड नको, घरी राहू दे, दुखलं तर वेदनेची औषधं देऊ. आम्ही दोघींनी ठरवलं. नको म्हणून सांगायचं. सांगणार अर्थातच मी.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सर्जनसमोर बसलो. मी वाक्य पाठ केलं होतं. सर्जननी फाइल मिटली आणि ह्यांच्याकडे बघून विचारलं, "काय ठरलं?"

माझं तोंड उघडलं होतं. खोटं नाही सांगत, "डॉक्टर" एवढा शब्द बाहेरही पडला. आणि ती पोर आठवली, दार उघडून उभी राहिलेली. मी म्हटलं, "त्यांना विचारा." मंजिरीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वेडीच झालेय.

हे मिटलेल्या फाइलकडे बघत राहिले. मला वाटलं, आता नको म्हणतील. सर्जनही थांबले.

"करा," हे म्हणाले. आणि मग माझ्याकडे न बघता, मोडक्या इंग्रजीत, "डॉक्टर, मला भूक लागते. मला जेवायचंय. अजून बरंच जगायचंय मला."

 

ऑपरेशन साडेसहा तास चाललं. दीड फूट आतडं काळं पडलेलं होतं, ते काढावं लागलं. अकरा दिवस आयसीयू, त्यात चार दिवस व्हेंटिलेटर. टाके पिकले. दोनदा आम्हाला बोलावून सांगितलं की मनाची तयारी ठेवा. बाहेरच्या बाकावर मंजिरी आणि मी शेजारी बसायचो पण एकमेकींकडे बघायचो नाही. दोघींच्या मनात तेच होतं. आपण नको म्हणणार होतो.

ह्याला आता दीड वर्ष झालं. हे आहेत. वजन एक्कावन्नच्या पुढे जात नाही, जुलाब मधूनमधून होतात, जिना चढताना थांबावं लागतं, सिगारेट सुटली, नोकरी सुटली. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खातात. आग्रह मी कुणालाच करत नाही आता, मंडळात मला कंजूष म्हणतात, म्हणू देत.

त्या तरुण डॉक्टरणीला शोधायला गेले होते. ती हॉस्पिटल सोडून गेली, कुठे ते कुणाला नीट सांगता आलं नाही. तिच्यापुढे हात जोडायचे राहून गेले, आणि त्या दिवशी जे बोलले तेवढंच तिच्यापाशी माझं म्हणून राहिलं. फार वाईट वाटतं.

तुमचं माणूस बारीक होत असेल, जेवण टाळत असेल, तर खाणंपाणी, हवा, चिंच यांना दोष देण्याआधी त्याला विचारा की जेवल्यावर काय होतं. विचारल्यावर गप्प बसा. मला ते गप्प बसणं अजून जड जातं.

एक गोष्ट मात्र मी आजवर त्यांना सांगितलेली नाही. मंजिरीनेही नाही. त्या दिवशी स्वयंपाकघरात आम्ही काय ठरवलं होतं ते. त्यांना वाटतं, "त्यांना विचारा" म्हटलं ते मी पहिल्यापासून त्यांच्या बाजूने होते म्हणून. चारचौघांत सांगतात तसं, अभिमानाने. मी मान खाली घालते आणि पोळ्या लाटायला उठते.

हे लिखाण मी आधी त्यांच्याच हातात देणार आहे. शेवटपर्यंत वाचतील. मग जे म्हणायचं ते म्हणू देत. मी मध्ये बोलणार नाही.